पागोळ्या कुठे पडतात?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘उघड्या काँक्रीटच्या इमारती : कौतुक आणि तिरस्कार’ असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मला विचारलं असतं तर ‘ओघळ’ एवढंच दिलं असतं. पण मग तुम्ही आला नसता. (हशा)

तुमच्यातले निम्मे बांधकामातले दिसताहेत, त्यामुळे उघड्या काँक्रीटची ही शैली, ब्रूटॅलिझम, म्हणजे काय हे सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा, त्या ‘ब्रूट’चा क्रौर्याशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये ‘ब्रूत’ म्हणजे कच्चं. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए फ्रान्समधल्या मार्सेयची ती प्रचंड निवासी इमारत 1952 मध्ये उभी करून मोकळा झाला, तीही अशीच, सेंटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या, फळ्या काढल्यावर जशी दिसली तशी. आपल्याकडे त्यानं चंडीगढ केलं. आणि चंडीगढ म्हटलं की मला आमची आते आठवते.

आते आचऱ्याची, मालवणजवळची. तिच्या यजमानांची लाकडाची वखार होती. एकदा वैष्णोदेवीहून परतताना मी हट्टानं तिला चंडीगढला उतरवलं. परवानगीचे सोपस्कार झाले, कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानसभा, हायकोर्ट, सचिवालयाच्या, त्या अफाट आवारात तिला नेलं, विधानसभेसमोर उभं केलं आणि मी बोलत सुटलो. जागतिक वारसा वगैरे ते पुढे, 2016 साली. पण तेव्हाही मी बोलायला कमी नव्हतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काय रे झिला, गिलावो करूक पैशे संपले काय ह्यांचे?” (हशा)

हसा. मीही हसलो होतो. पण ऐका, पुढे ती भिंतीजवळ गेली, तळहात फिरवला. काँक्रीटवर फळीचा ठसा होता, लाकडाच्या रेषा, मध्येच एक गाठ. म्हणाली, “फळयेक रंधो पण मारूक नाय.” आणि हे नावं ठेवण्याच्या सुरात नव्हे हं, ओळख पटल्याच्या सुरात. बाईचा जन्म वखारीत गेलेला. आम्ही कॉलेजात ज्यावर दोन तास घेतो, ते तिनं तळहातानं वाचलं. मग मान वर करून दुसरा प्रश्न, आणि आजचं माझं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नात आहे: “पागोळे खंय पडतत रे?”

विधानसभेपुरतं उत्तर आहे. दर्शनी मंडपाचं छप्पर नांदेसारखं वर वळलंय, तीच त्याची पन्हळ. पण किती आर्किटेक्ट हा प्रश्न विचारतात? कौलारू घरात पाणी कुठे पडणार हे पोरालाही ठाऊक असतं. पागोळ्यांखाली बादली लावायला त्यालाच तर पाठवतात. सपाट स्लॅबचं तसं नाही. पाणी कडेवरून खाली येतं, छज्ज्याच्या पोटाला चिकटतं आणि चोरपावलांनी मागे भिंतीपर्यंत जातं. वाटेतली धूळ सोबत नेतं. भिंतीवर काळा ओघळ, त्यावर शेवाळ. आत मुरलं तर सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट उडवून लावते. उपाय काय, तर छज्ज्याच्या पोटात, कडेजवळ, अर्ध्या इंचाची एक खाच. पाणी खाच ओलांडू शकत नाही, तिथेच ठिबकतं.

ही खाच मी एकदा सोडून दिली. गावाचं नाव सांगत नाही. नाट्यगृह होतं, मी नवा इंजिनिअर. नकाशात खाच होती. ठेकेदार म्हणाला, “साहेब, खाचेची पट्टी काढताना कड तुटते, राहू द्या.” मी राहू दिलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दर्शनी भिंत रडून काजळ पसरल्यासारखी झाली. गावात बोंब उठली. समितीनं वरून पिस्ता रंगाचा ऑइलपेंट फासला. आतली ओल कोंडली, पापुद्रे सुटले. लोक त्या नाट्यगृहाला ‘सालपट’ म्हणायला लागले. अजून म्हणतात. आमचे आर्किटेक्ट मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की गावाला सौंदर्यदृष्टी नाही. अहो, दृष्टी होती, म्हणून तर ओघळ दिसले!

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, मग कौतुक आणि तिरस्कार उरकतो.

लंडनचं बार्बिकन, घरं आणि कलाकेंद्र यांचं मोठं संकुल. तिथल्या काँक्रीटचा पृष्ठभाग मजुरांनी हातानं ठोकून खडबडीत केलाय. 2001 मध्ये त्याला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला, आणि 2003 च्या एका पाहणीत तीच लंडनमधली सर्वांत कुरूप इमारत ठरली. दोन वर्षांत दोन्ही. तेव्हा तज्ज्ञ शहाणे आणि लोक अडाणी, किंवा उलट, असा हिशेब मला पटत नाही. तज्ज्ञ फळी काढलेल्या दिवशीचा फोटो बघतात, लोक तिसाव्या पावसाळ्यानंतरची भिंत बघतात.

पण म्हणून पाडायचं? दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, आर्किटेक्ट राज रेवल यांचं, रचनेचं गणित इंजिनिअर महेंद्र राज यांचं. 1972 च्या व्यापार मेळ्यासाठी बांधलं. पोलाद परवडत नव्हतं म्हणून पोलादात करायची जाळी काँक्रीटमध्ये ओतली, तीही जागेवर. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडलं. वारसा ठरायला साठ वर्षं लागतात, असं वारसा समितीवाले म्हणाले, आणि त्याचं वय पंचेचाळीस. हे मला अजून गिळवत नाही, पण वेळ नाही.

पावसाचा आधी विचार केलेली इमारत हवी तर मुंबईचं कांचनजंगा बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, 1983, अठ्ठावीस मजले. पश्चिमेला समुद्र, वारा तिकडूनच, पाऊस आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा घेतला आणि दुमजली उंचीच्या गच्च्या करून कोपऱ्याकोपऱ्यात खोचला. आणि आर्किटेक्ट अच्युत कानविंदे, आयआयटी कानपूर आणि मेहसाण्याची दूधसागर डेअरी करणारे, हार्वर्डला नामवंत आर्किटेक्ट ग्रोपियसकडे शिकलेले. जन्म कुठला? आचऱ्याचा! आतेला हे मी सांगायचं राहून गेलं.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. बाहेर अजून पडतोय, पोर्चखाली छत्र्या उघडायला थांबाल तेव्हा जरा वर बघा, स्लॅबच्या पोटात खाच आहे का ते. मी येताना पाहिलंय. आयोजकांसमोर सांगत नाही. (हशा)