गुलमर्ग: उन्हाळ्याचं ठिकाण हिवाळ्यावर कसं जगायला लागलं?

[कॅमेऱ्यासमोर. मागे दांडिया बाजारची वर्दळ.]

नमस्कार मंडळी! बडोद्यात मार्च संपला की घरोघरी एकच चौकशी सुरू होते: "यंदा काश्मीर का?" मग टूरवाल्याचं पत्रक येतं. त्यात तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी गुलमर्ग असतं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "गोंडोला स्वखर्चाने." आपण मे महिन्यात जातो, टंगमर्गला भाड्याचा कोट चढवतो, गमबूट घालतो, गोंडोलात, म्हणजे रोपवेच्या बंद डब्यात बसतो, वर उरलेल्या बर्फात फोटो काढतो आणि संध्याकाळी श्रीनगरला परत.

आज गुलमर्गचीच गोष्ट सांगणार आहे, पण जानेवारीतल्या गुलमर्गची. तेव्हा तिथे कमरेएवढा बर्फ असतो आणि जगभरातून लोक स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब फळ्या, खांद्यावर टाकून येतात. आजचा प्रश्न असा, की शेकडो वर्षं जे ठिकाण हिवाळा लागला की ओस पडायचं, त्याचं पोट हिवाळ्यावर कधीपासून भरायला लागलं? आणि ते कोणी घडवलं?

[पडद्यावर नकाशा: श्रीनगर, टंगमर्ग, गुलमर्ग, अफरवत]

आधी जागा समजून घेऊ. श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या कुशीत हे कुरण आहे. एखादी उथळ परात असावी तसं मधे मोकळं आणि कडेनं देवदार-फरची झाडी. उंची सुमारे २,६५० मीटर. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर, यावरून अंदाज करा. कुरणाच्या डोक्यावर अफरवतचा डोंगर आहे, चार हजार मीटरच्याही वर गेलेला.

बर्फ येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूनं हिवाळ्यात जे ओलसर वारे येतात, ज्यांना हवामान खातं पश्चिमी विक्षोभ म्हणतं, ते पीर पंजालला अडतात आणि सगळं ओझं इथे उतरवतात. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस काश्मिरी लोक 'चिल्लई कलां' म्हणतात, म्हणजे ऐन कडाक्याची थंडी. तेव्हा पडलेला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो. मुठीत दाबला तर गोळा होत नाही. स्कीवाले ह्याच बर्फावर जीव टाकतात.

पण जुन्या लोकांना ह्या बर्फाशी काही देणंघेणं नव्हतं. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक इथे यायचा तो उन्हाळ्यात. गौरीमर्गचं गुलमर्ग त्यानंच केलं असं सांगतात. जहांगीरानं इथून २१ प्रकारची रानफुलं गोळा केली असंही सांगतात, आणि फुलं काही जानेवारीत येत नाहीत. मग इंग्रज आले. पंजाबातल्या उकाड्याला कंटाळलेले अधिकारी आणि त्यांच्या मडमा. १८८८ साली नेडूचं हॉटेल झालं, १९०२ साली सेंट मेरी चर्च. ते छोटंसं चर्च अजून उभं आहे, मे महिन्यात जाल तर जरूर बघा. घोडेवाले सांगतात त्या सात 'पॉइंट'पेक्षा ते कितीतरी बरं.

आणि गोल्फ! १८९०-९१ च्या सुमारास कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी इथे सहा होलचं मैदान आखलं. हे चेंबरलेन म्हणजे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते नव्हेत. हे लष्करातले. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये स्नूकरचा खेळ ज्यांनी बसवला, तेच हे. एकाच माणसानं जबलपूरला स्नूकर आणि गुलमर्गला गोल्फ! साहेबाला सुट्टीत वेळ घालवायला काहीतरी लागायचंच.

आता आपल्या गावचा धागा. १९०३ साली सयाजीराव महाराज काश्मीरला गेले होते आणि सोबत सचिव म्हणून अरविंद घोष होते, तेव्हा बडोदा संस्थानच्या नोकरीत असलेले. ज्यांचं अरविंद निवास इथे दांडिया बाजारात आहे, तेच. श्रीनगरच्या शंकराचार्य टेकडीवर आलेल्या अनुभवाबद्दल त्यांनी पुढे लिहिलंही आहे. ही स्वारीसुद्धा गेली उन्हाळ्यातच. संस्थानिक असो, साहेब असो नाहीतर मोगल बादशाह, काश्मीर म्हणजे उन्हाळा हे ठरलेलं.

[जवळून: जुन्या पद्धतीची लाकडी स्की हातात]

पहिली फट पडली १९२७ साली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळात आणि ईस्टरला असे वर्षातून दोन मेळावे. तेव्हा लिफ्ट नाही, रोपवे नाही. लाकडी स्की पायाला बांधायच्या आणि आधी डोंगर चढायचा.

आता म्हणाल, घसरण्यासाठी बनवलेल्या फळीवरून चढायचं कसं? त्यासाठी स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याची पट्टी बांधत. कातड्यावरचे केस मागच्या दिशेला वळलेले. स्की पुढे सरकवली की केस चापून बसतात आणि फळी सरकते. मागे घसरायला लागली की तेच केस बर्फात रुततात आणि ब्रेक लागतो. तास-दोन तास असं चढायचं, वर जाऊन पट्ट्या सोडायच्या, गुंडाळून पिशवीत टाकायच्या आणि दहा मिनिटांत खाली. दिवसभरात दोन फेऱ्या झाल्या तरी खूप. आज ह्या पट्ट्या नायलॉनच्या मिळतात, पण युक्ती तीच. आणि दूर रानात स्की करणारे आजही असेच चढतात.

बहुतेक ठिकाणी गुलमर्गच्या स्कीचा इतिहास ह्या १९२७ पासून मोजतात. मला ते पटत नाही. क्लब हा मूठभर साहेबांचा छंद होता. साहेब गेले की छंदही जाणार. आणि तसंच झालं.

ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानकडून आलेले टोळीवाले बारामुल्ल्यात घुसले. गुलमर्ग तिथून हाकेच्या अंतरावर. ८ नोव्हेंबरला भारतीय सैन्यानं बारामुल्ला परत घेतलं, पण लढाई पुढे वर्षभर चालली, आणि ती बर्फात चालली. ह्या वर्षभरात सैन्याला एक गोष्ट लख्ख कळली: मैदानी मुलखात शिकलेला शिपाई बर्फात अर्धा होतो. चालता येत नाही, सामान ओढता येत नाही, हिमदंशानं बोटं जातात. १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्या यांनी जोजिला खिंडीत रणगाडे चढवून शत्रूला चकित केलं, ती गोष्ट आपण शाळेत ऐकलेली. त्यांच्याच १९ व्या डिव्हिजननं डिसेंबर १९४८ मध्ये गुलमर्गला स्की स्कूल सुरू केलं.

ही तारीख मी खरी मानतो. कारण त्या दिवसापासून गुलमर्गच्या हिवाळ्यात दरवर्षी माणसं आहेत. उतार कुठे धोक्याचा, हिमस्खलन कुठून सुटतं, वारा कुठल्या कड्यावर बर्फ साठवतो, हे ज्ञान वर्षानुवर्षं तिथेच साचत गेलं. त्याच शाळेचं पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. सियाचिनला, कारगिलला जाणाऱ्या तुकड्या जिथे तयार होतात ती संस्था. टूरच्या पत्रकात तिचा उल्लेख तुम्हाला सापडणार नाही.

आणि हे ज्ञान फुकट आलेलं नाही. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गजवळ प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान गेले. बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांनासुद्धा बर्फ सोडत नाही.

[परत कॅमेऱ्यासमोर]

मग पर्यटन कधी आलं? १९६० च्या सुमारास सरकारनं ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ मॅट यांना बोलावलं. १९३६ साली स्लालममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, जगज्जेता झालेला माणूस. भारतात स्कीसाठी योग्य जागा कुठली, एवढंच त्यांना सांगायचं होतं, आणि त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं. १९६८ च्या आसपास केंद्र सरकारचा हिवाळी खेळांचा प्रकल्प सुरू झाला. त्यातूनच भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था उभी राहिली. साध्या माणसानं परवडणाऱ्या फीमध्ये स्की शिकावं अशी सोय पहिल्यांदा झाली.

पहिला धडा आजही तोच. आधी बूट. प्लास्टिकचे, जडशीळ, घोटा हलूच देत नाहीत असे. बकल लावल्यावर माणूस पुढे झुकलेलाच राहतो आणि चालायला लागला की लहान मूल पहिली पावलं टाकतंय असं वाटतं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची आणि आतल्या कडांवर भार टाकायचा. झाला ब्रेक. जास्त फाकवलं की थांबता, कमी फाकवलं की सुटता. आणि घाबरून मागे रेललात की संपलंच, कारण भार मागे गेला की पुढची टोकं हलकी होतात आणि स्की तुमचं ऐकेनाशी होते. उतारावर मागे रेलू नका, हे मास्तर दिवसभर ओरडत असतात.

आता रोपवे. अफरवतवर जाणाऱ्या गोंडोलाचं काम ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, पोमागाल्स्की ह्या फ्रेंच कंपनीकडे. आणि १९९० आलं. काश्मीर पेटलं, काम ठप्प झालं, हॉटेलं रिकामी पडली. जे गाव नुकतं कुठे हिवाळ्यात कमवायला शिकत होतं, त्याच्याकडे आता उन्हाळ्यातही कोणी फिरकेना. पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगदोरी, अखेर १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा मे २००५ मध्ये, थेट अफरवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास.

ह्या दुसऱ्या टप्प्यानं चित्र पालटलं. हिशेब बघा: वरच्या स्थानकापासून गुलमर्गपर्यंत उंचीचा फरक जवळजवळ तेराशे मीटर. म्हणजे पावागडावर आणखी अर्धा पावागड ठेवा, आणि तेवढं सगळं स्कीवरून उतरा. युरोपात अशा उतारांवर यंत्रानं दाबून गुळगुळीत केलेले रस्ते असतात. इथे वरचा बहुतेक भाग जसा पडला तसा, मोकळा. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, रशिया, स्वीडनकडचे पट्टीचे स्कीवाले यायला लागले, आणि टंगमर्गकडची पोरं गाईड, स्की पेट्रोल म्हणजे उतारांवरचं गस्तीपथक, भाड्याच्या सामानाची दुकानं ह्यांत रमली. फेरनच्या, म्हणजे काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून बसलेला स्लेजवाला आणि त्याच्या शेजारी हिमस्खलनात फुगणाऱ्या एअरबॅगची सॅक अडकवलेला परदेशी, दोघं एकाच रांगेत. हे फक्त गुलमर्गलाच दिसेल.

त्या दुकानांपैकीच एका दुकानवाल्याचा मुलगा आरिफ खान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून गेलेला एकुलता एक खेळाडू. जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. आकडा ऐकून नाक मुरडू नका. त्या शर्यतीत पंचेचाळीस वाटतात तेवढे सोपे नाहीत. धुकं आणि बर्फवृष्टीत निम्मे स्पर्धक शर्यत पूर्णच करू शकले नाहीत.

काळी बाजूही सांगायला हवी. २५ जून २०१७ ला जोराच्या वाऱ्यात एक झाड पडलं, गोंडोलाला धक्का बसला आणि सात जण गेले. दिल्लीचं चौघांचं कुटुंब आणि तीन स्थानिक माणसं. त्यामुळे वारा आहे म्हणून गोंडोला बंद ठेवला, तर खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका. "एवढे पैसे भरून आलो" हे वाक्य तिथे रोज ऐकू येतं, आणि ते ऐकून मला दरवेळी राग येतो.

आता सगळ्यात मोठी चिंता, खुद्द बर्फाची. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलांमध्ये, गुलमर्गचे उतार पिवळे पडले होते. गवत दिसत होतं! बुकिंगं रद्द झाली, घोडे आणि स्लेज उभे. बर्फ पडला तो थेट महिनाअखेरीस. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीत व्हायचा होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. युरोपातली रिसॉर्टं अशा वेळी यंत्रानं बर्फ तयार करतात. पण त्यालाही भरपूर पाणी, वीज आणि मुळात शून्याच्या खालची थंडी लागते. रात्रीसुद्धा हवा गरम राहिली तर यंत्रं काय करणार?

म्हणजे यूसुफ शाहपासून साहेबापर्यंत ज्या बर्फाला सगळे टाळत होते, त्याची आता तिथला प्रत्येक दुकानदार मोबाईलवर वाट बघतो. पश्चिमी विक्षोभ कधी येणार, किती सेंटीमीटर पडणार, हे तिथल्या चहाच्या टपरीवर शेअर बाजारापेक्षा जास्त बोललं जातं.

ज्यांचं मे महिन्याचं बुकिंग झालंय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, दुसऱ्या टप्प्याची तिकिटं लवकर संपतात. आणि वर पोचल्यावर पळापळ करू नका, त्या उंचीवर धाप लागते. आजीआजोबांना पहिल्या टप्प्यावरच चहा पाजा. आणि फेब्रुवारीत जाणार असाल, तर टंगमर्गपासून साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, तिचे वेगळे पैसे बाजूला ठेवा.

पुढच्या भागात औली. जोशीमठ खचायला लागल्यावर तिथल्या रोपवेचं काय झालं, ते बघू. भेटूया.