नवं ग्राफिक कार्ड आणि दुपारचं ते 'टक'

नमस्कार मंडळी. नवतपा सुरू आहे, त्यामुळे अर्ध नागपूर आत्ता कूलरसमोर बसून हे ऐकत असणार. कूलर बंद नका करू बाप्पा, नीट ऐकू नाही आलं तर रेडिओचा आवाज वाढवा, कारण आजच्या गोष्टीत कूलरही आहे आणि फ्रीजही आहे.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मानेवाड्याचा एक पोट्टा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, भर दुपारी स्कूटीवर पायाजवळ कंप्युटरचं कॅबिनेट ठेवून महाल भागातल्या माझ्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला, घामानं चिंब, आणि पहिलंच वाक्य काय तर "दादा, कार्ड फॉल्टी निघालं." कार्ड म्हणजे गेमचं चित्र स्क्रीनवर उमटवणारं ग्राफिक कार्ड, एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६०, वर्षभर दहावीच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशाचं. गेम लावला की कधी पाच मिनिटात तर कधी अर्ध्या तासात कंप्युटर फटकन बंद पडायचा आणि आपोआप परत चालू व्हायचा, आणि जुनं कार्ड लावलं की कुठलाच त्रास नाही. मग दोष कुणाचा? नव्या कार्डाचाच. नवी सून घरात आली आणि त्याच दिवशी दूध नासलं, तसलं हे लॉजिक. पण खरं सांगू का, पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं होतं.

अशा केसमध्ये मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारतो, की मशीन मरतं कसं ते सांग. "क्रॅश होतो" म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते आणि गेम तेवढा बंद पडतो, तर बहुतेक ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची भानगड, कारण विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहतं, उत्तर नाही आलं की ड्रायव्हर स्वतःच रिसेट करतं, आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं तर तिथे ४१०१ नंबरची नोंद सापडते. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, फाटल्यासारखं चित्र दिसत असेल तर कार्डाच्या मेमरीवर संशय घ्या, सेकंडहँड कार्ड असेल तर जास्तच, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर होणारं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ढिगानं आली आणि त्यातली कितीतरी अजून हातोहात फिरतायत. गेम आधी अडखळायला लागतो, फ्रेम पडतात, मग हँग, तर गरमी बघा, पण हेही लक्षात ठेवा की तापलं म्हणून कार्ड एकदम मरत नाही, आधी स्वतःची स्पीड कमी करतं. आणि काहीही न सांगता, ब्ल्यू स्क्रीन नाही, एरर नाही, पंखे-लाईट सगळं खटकन बंद? मग ड्रायव्हर सोडा आणि करंट कुठून येतोय ते बघा.

आमच्या पोट्ट्याचं हे शेवटचं होतं. त्यानं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ बघितलं होतं आणि तो एवढा घाबरला होता की जणू डॉक्टरनं रिपोर्टवर लाल पेन मारलाय. अरे, ती ४१ ची नोंद फक्त एवढंच म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. का झालं ते तिला कुठे माहीत! लाईन गेली तरी तीच नोंद पडते आणि घरातल्या लहान पोरानं बटण दाबून धरलं तरी तीच पडते.

तरी पण मी सगळं केलं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या प्रोग्रामनं मुळासकट काढला, नवा टाकला. कार्ड काढून स्लॉटमध्ये परत बसवलं, क्लिपचा आवाज येईपर्यंत, कारण कार्ड जड असतं आणि मागून स्क्रू ढिला राहिला की लोंबतं. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे वाढीव स्पीडचं सेटिंग, बंद करून बघितलं. बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गेम चालवून बघायचं हा माझा नियम, नाहीतर चार गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशानं झालं ते कळतच नाही. दुकानात दोन तास गेम चालवला आणि मशीन एकदाही हललं नाही.

घरी नेलं. रात्री अकराला फोन, "दादा मस्त चालतंय." दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला फोन, "दादा परत." असं तीनदा झालं. तिकडे ज्या दुकानातून कार्ड घेतलं तो म्हणतो कार्ड ओके आहे, इकडे पोट्टा रडकुंडीला आलेला, शेवटी मी म्हटलं चल तुझ्या घरी येतो.

आणि तिथे खरी मजा. खोलीत एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात कूलर आणि यूपीएस, आणि यूपीएसवर कंप्युटर. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात फ्रीज, त्याच लाईनवर. मी मल्टिमीटर लावला, १९० व्होल्ट! आजूबाजूच्या सगळ्या घरांतले कूलर-एसी सुरू, दुपार, बाहेर ४५ डिग्री, मग दुसरं काय होणार. गेम लावला. काकूंनी ताक आणून दिलं, ते पितोय तेवढ्यात पलीकडे फ्रीजचा कॉम्प्रेसर गुरगुरला, ट्यूबलाईट किंचित मिणमिणली, यूपीएसमधून 'टक' असा आवाज आला आणि कॅबिनेट ठप्प.

पण मॉनिटर चालूच राहिला! काळ्या स्क्रीनवर 'नो सिग्नल' लिहून आलं. मॉनिटरही त्याच यूपीएसवर होता, म्हणजे यूपीएसनं पुरवठा तोडलेला नव्हता, फक्त कॅबिनेटला तो धक्का सोसला नाही. ताकाचा ग्लास हातातच राहिला माझ्या.

आता हे 'टक' म्हणजे काय, तर यूपीएसच्या आतला रिले, लाईन बदलणारा स्विच. व्होल्टेज एका मर्यादेखाली घसरलं की साधा यूपीएस मेनवरून बॅटरीवर उडी मारतो आणि ती उडी मारताना काही मिलिसेकंद, समजा दहाच्या आसपास, करंट येतच नाही. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, डोळ्याला कळतही नाही. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्या भागांना करंट पुरवणारा डबा, आणि चांगल्या एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये एवढा साठा असतो की पूर्ण लोडवरसुद्धा सोळा-सतरा मिलिसेकंद तो मशीनला तारून नेतो. याचा एसएमपीएस आठ वर्षं जुना, ४५० वॅटचा. कपॅसिटर म्हातारे, आणि खोलीची गरमी त्यांना जास्तच लवकर म्हातारं करते. जुनं कार्ड कमी खायचं, म्हणून उरलेल्या साठ्यावर तेवढी उडी निभावून जायची. नवं कार्ड एकटं १७० वॅट खातं आणि क्षणभरासाठी त्याहून जास्त ओढतं, मग साठा अर्ध्या रस्त्यातच संपतो. रात्री व्होल्टेज चांगलं, उडीच नाही, म्हणून सगळं सुरळीत. माझ्या दुकानात यूपीएसच नव्हता, थेट भिंतीतून लाईन.

खात्री करायला यूपीएस काढून प्लग थेट भिंतीत लावला, दोन तास खेळायला लावलं. फ्रीज तीनदा सुरू झाला, लाईट मिणमिणली, कंप्युटर जागचा हलला नाही. हे फक्त टेस्टिंगसाठी हां, नागपूरच्या लाईनवर कायमचं असं चालवू नका.

मग एसएमपीएस बदलला, ६५० वॅटचा घेतला. एनव्हीडिया ३०६० साठी ५५० सांगते, मी थोडं वर घ्या म्हणतो. घेताना डब्यावरचा मोठा आकडा नका बघू, बाजूचं स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते. कार्ड आणि प्रोसेसर दोघं तिथूनच जेवतात. २५ अँपिअर असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट, मग डब्यावर ४५० लिहा नाहीतर ५००. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, आठ पिनच्या वायरीतून १५०, त्यामुळे दोन कनेक्टरचं मोठं कार्ड असेल तर एकाच वायरीचे दोन तोंडं लावण्यापेक्षा एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी काढा. कारागीर कंटाळा करतात, तुम्ही उभं राहून करून घ्या.

यूपीएसचं गणित वेगळंच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस म्हणजे ६०० वॅट नाही भाऊ, तो साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना याचं मशीन आणि मॉनिटर मिळून जवळजवळ तेवढंच खातात, म्हणजे खरोखर लाईन गेली तर गेम सेव्ह करायलाही वेळ मिळेल की नाही सांगता येत नाही.

म्हणून मोठा यूपीएस घ्यायचा बाकी आहे, त्यासाठी शिकवणीची पुढची बॅच भरायची वाट बघतोय तो. तोवर कूलरचा प्लग दुसऱ्या बोर्डावर नेला, फ्रीज मात्र तिथेच आहे, तो हलवायला काकू साफ नाही म्हणाल्या. अजूनही दुपारी 'टक' होतं म्हणे, पण हेडफोन घातलेला असतो, त्याला ऐकूच येत नाही.

येतो मग मंडळी, कूलरमध्ये पाणी भरा.