४.३ तारे, ४५ अंश

(दृश्य: मे महिना, दुपारचे अडीच. धरमपेठेतली गल्ली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, पंपाचा आवाज.)

निवेदन:

"मस्त गेम. पण दहा मिनिटांत फोन तवा होते. एक स्टार."

प्ले स्टोअरवर कोणत्याही मोठ्या गेमखाली उतरत जा, या धाटणीचा शेरा भेटतोच. गेम मस्त, तरी तारा एकच. गेम बनवणारे अशा शेऱ्यांवर वैतागतात. तक्रार फोनची आणि शिक्षा आम्हाला का, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीत रीतसर समीक्षा वाचणारे तर हसून सोडून देतात. आम्ही मात्र हा व्हिडिओ त्या एका ताऱ्याच्या बाजूनं करतोय. कारण आम्ही नागपुरात राहतो.

२३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं इथं कोणाला अप्रूप नाही. आता ॲपल आपल्या आयफोनबद्दल काय सांगतं ते बघा: आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असेल अशा ठिकाणी फोन वापरा. मे महिन्यात ३५ अंश म्हणजे आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकल्यावरची हवा. दिवसा मग काय करायचं, फोन माठात ठेवायचा?

(दृश्य: प्रतापनगर, तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली. दोन हात आणि एक फोन, अगदी जवळून.)

हा पोट्टा इंजिनिअरिंगला आहे. नाव नको म्हणाला, घरी पेपर सुरू आहेत असं सांगितलंय. दोन्ही अंगठ्यांवर चंदेरी धाग्याच्या टोप्या. फोनचं कव्हर काढून बाजूला. फोनच्या पाठीला चिमट्यानं लावलेला छोटा पंखा, त्याची वायर पॉवर बँकेत. समोर कूलर. पण कूलरची हवा दमट, त्यामुळे बोटं चिकटतात. म्हणून गादीवर पावडरचा डबा.

"पावडर लावाच लागते," तो म्हणतो. "नाही तर बंदुकीचा स्कोप उघडाले गेलं का बोट अटकते."

गोळीबाराचा खेळ, मैदान आक्रसत जातं, शेवटी उरेल तो जिंकतो. सामना शेवटच्या वर्तुळात आला. चार जण उरलेत. आणि स्क्रीन आपोआप मंद झाली. त्यानं काहीच दाबलं नव्हतं. फोन आतून तापला की आधी उजेड कमी करतो, मग प्रोसेसरचा वेग उतरवतो, चार्जिंग चालू असेल तर तेही थोपवतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा खेळ ४० वर येतो, पुढे ३० वर. फोन स्वतःला वाचवतो. पोट्टा मरतो.

"हे पाहा! मले तो दिसलाच नाही बे!"

याच गेमला स्टोअरवर चारच्या वर तारे आहेत.

आकड्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नये हे नागपूरकरांना वेगळं शिकवायला नको. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर गाजलं. नंतर हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. स्टोअरचा सेन्सर धडधाकट आहे. प्रश्न एवढाच, तो मोजतो काय.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर आकडा. हळूहळू मोठा होत जातो.)

२०१९ पर्यंत गूगल प्ले जन्मापासूनच्या सगळ्या ताऱ्यांची सरळ सरासरी काढायचं. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून अलीकडच्या मतांना जास्त वजन मिळालं. नोव्हेंबर २०२१ पासून आकडा देशानुसार दिसू लागला. म्हणजे आपल्याला दिसतात ते आपल्याच देशातल्या लोकांनी दिलेले तारे. हे बरं झालं. पण देश केवढा! शिमल्यात रजईत बसून खेळणारा आणि सक्करदऱ्यात गच्चीखालच्या खोलीत खेळणारा, दोघांची एकच सरासरी.

मत विचारतात कधी, तेही बघण्यासारखं आहे. ॲपलनं २०१७ मध्ये आणि गूगलनं २०२० मध्ये खेळाच्या आतच तारे मागायची सोय दिली. ॲपलनं तर वर्षातून तीनदाच विचारायची मर्यादा घातली. मग गेमवाले ती वेळ नेमकी कुठली निवडतात? तुम्ही जिंकलात, बक्षिसाची पेटी उघडली, सोनं उधळलं, तेव्हा. हरलेल्याला कोणी विचारत नाही. आणि ताऱ्यांच्या बदल्यात बक्षीस देणं दोन्ही स्टोअरच्या नियमात बसत नाही, तरी आमच्या या मित्राला एका गेमनं तेही कबूल केलं होतं. "गेममधले डायमंड भेटणार होते, म्हणून पाच देऊन टाकले," तो सांगतो. भेटले का? "काहून भेटतील!"

(दृश्य: जुनं राखाडी यंत्र, हिरवट पडदा. टेबलावर चार पेन्सिल सेल.)

हातातल्या खेळाचं मोल करताना यंत्र, उजेड, बॅटरी यांचा विचार करायचा नाही, ही सवय नवीन आहे. १९८९ मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला. पडदा हिरवट, रंग नाहीत, आत दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि उजळ. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. कागदावर गेम बॉय हरलेलाच होता. पण त्याला चार सेल पुरायचे आणि ते दहा-बारा तास सहज चालायचे. बाकी दोघांना सहा लागायचे आणि चार-पाच तासांत त्यांचा जीव जायचा. तेव्हाच्या मासिकांत या यंत्रांबद्दल लिहिताना सेलचा हिशोब यायचाच, कारण सेल विकत आणायचे पैसे वाचणाऱ्याच्या आईबापांच्या खिशातून जायचे. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळपास १२ कोटी विकले गेले.

२००१ चा गेम बॉय ॲडव्हान्स घ्या. त्याच्यासोबत 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' आला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. आणि त्याच समीक्षांमध्ये एक रडगाणं होतं: खेळ इतका काळोखा आणि यंत्राला आतून दिवा नाही, त्यामुळे दिसतच नाही. लोक दिव्याखाली मान वाकडी करून बसायचे. दिवा आला २००३ मध्ये, यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत. खेळाला नव्वदीतले गुण आणि खेळ दिसत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि चांगला समीक्षक दोन्ही लिहायचा.

जपानचं 'फामित्सू' मासिक चार समीक्षकांकडून प्रत्येकी दहापैकी गुण घ्यायचं, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी मिळवणारा हातातल्या यंत्रावरचा पहिला खेळ होता २००५ चा 'निन्टेंडॉग्स'. कुत्र्याचं पिल्लू पाळायचं, माइकमध्ये हाक मारायची, पडद्यावर बोटानं किंवा काडीनं कुरवाळायचं. टीव्हीसमोर बसून हा खेळ झालाच नसता. त्याची गंमत हातात धरण्यातच होती आणि गुण देणाऱ्यांनी ती ओळखली.

आमच्याकडे त्या काळात ना गेम बॉय होता ना फामित्सू. बर्डीच्या बाजारात मिळायचा तो ब्रिक गेम, आणि त्याचं रेटिंग डब्यावरच छापलेलं असायचं: '९९९९ इन १'. आत मोजून काही खेळ, बाकी त्यांचेच वेग बदललेले अवतार. आजही स्टोअरमधला एखादा फुगवलेला आकडा बघितला की तो डबा आठवतो.

(दृश्य: मेट्रो, सीताबर्डी इंटरचेंज. फोनमध्ये बुडालेल्या माना.)

मग व्यावसायिक समीक्षकांनी मोबाइल गेमचं काय केलं? थोडं केलं, आणि आता त्याहून थोडं उरलंय. २००१ मध्ये सुरू झालेलं मेटाक्रिटिक वेगवेगळ्या समीक्षांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा काढतं. कोणाच्या मताला किती वजन, ते सांगत नाही. शिवाय किमान ४ समीक्षा जमल्याशिवाय आकडा नाही. मोबाइलवरच्या बहुतेक गेमना चार समीक्षक मिळतच नाहीत. आयफोनच्या गेमवर २००८ पासून मन लावून लिहिणाऱ्या टचआर्केड या वेबसाइटनं सप्टेंबर २०२४ मध्ये दुकान आवरत असल्याचं जाहीर केलं. कारण पैसा. फुकट गेमची समीक्षा पैसे देऊन कोण वाचणार? उतरवून बघितला की झालं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर इथं जरा थांबू. २०१४ चा 'मॉन्युमेंट व्हॅली' हा फोनवरचा अत्यंत देखणा खेळ. त्या वर्षी ॲपलनं त्याला आयपॅडवरचा सर्वोत्तम गेम म्हणून निवडलं. नोव्हेंबरात त्यांनी नवे टप्पे आणले आणि त्यांचे जवळपास २ डॉलर मागितले. तर एक ताऱ्यांचा पाऊस! २०१६ च्या डिसेंबरात 'सुपर मारिओ रन' आला. सुरुवातीचे टप्पे फुकट, पुढचा सगळा खेळ एकदाच १० डॉलरला. समीक्षक बऱ्यापैकी खूश, स्टोअरवर मात्र तारे अडीचच्या आसपास. एकदाच पैसे घ्या आणि मोकळे व्हा, असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला लोकांनी झोडपलं. फुकट आत घेऊन पेटीमागून पेटी विकणारे मात्र चारच्या वर आरामात बसलेत. आम्हाला हे पटत नाही, पण रागही येत नाही. पॉकेटमनीवर खेळणाऱ्याला '१० डॉलर' आधी दिसतात, पेट्यांचा हिशोब सहा महिन्यांनी.

उलटंही घडलंय. जून २०२२ मधल्या 'डायब्लो इमॉर्टल'ला समीक्षकांनी बरे गुण दिले. मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी दिलेला आकडा मात्र दहापैकी एकच्याही खाली गेला. समीक्षक सुरुवातीचे दिवस खेळून गुण देऊन मोकळा होतो. खिशाला कात्री लागते पुढे, आणि तोवर गुण छापून झालेले असतात.

(दृश्य: जुन्या बातम्यांचे मथळे, पडद्यावरून भराभर सरकतात.)

झुंडीनं तारे द्यायचे, हा आपला देशी प्रकार. मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक वादात टिकटॉकचं रेटिंग सव्वाच्या आसपास आलं आणि गूगलनं लाखो शेरे काढून टाकले. तो गेम नव्हता, पण शस्त्र तेच. मग 'फौजी'. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, दोनच दिवसांत बंगळूरूच्या एनकोअरनं या गेमची घोषणा केली आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. लोकांना हवी होती पबजीची जागा. मिळाली गलवान खोऱ्यातली हाणामारी, एकट्यानं खेळायची. काही दिवसांत तारे कोसळले. गेम कच्चाच होता, पण त्या एक ताऱ्यांमध्ये अपेक्षाभंग किती आणि परीक्षण किती, हे वेगळं काढता येत नाही.

याच्या बरोबर उलट कथा पुण्याची. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच न जाणाऱ्या यंत्रावर. बाहेरच्या समीक्षकांनी चित्रं आणि संगीत वाखाणलं, लढाई अडखळते आणि खेळ लवकर संपतो असंही स्पष्ट लिहिलं. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होतं. देशप्रेमाचा गुण ना वाढवला ना कापला. मराठी मुलुखातल्या खेळाची अशी नीट चिकित्सा झाली, पण झाली ती इंग्रजीत, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात नसलेल्या यंत्रावर.

(दृश्य: बर्डी. मोबाइल दुरुस्तीचं चिंचोळं दुकान. निळी रबरी चटई, त्यावर उघडलेला फोन.)

या काउंटरवर रोज फोन उघडले जातात. हा बघा. मागचं पॅनल एका बाजूनं उचलल्यासारखं, आत बॅटरी फुगलेली. काका प्लास्टिकच्या पातळ पट्टीनं ती हळूच सोडवतात, टोक कुठे टोचू देत नाहीत. "चार्जिंगला लावून खेळते," ते म्हणतात, "अन् वरून उन्हाळा. बॅटरी फुगली का डिस्प्लेले धक्का देते. मग फोल्डरच बदला लागते." फोल्डर म्हणजे काच, टच, डिस्प्ले, सगळं एकत्र. फोन जुना असेल तर त्याच्या किमतीचा मोठा वाटा त्यातच जातो.

गेमचे तारे काका कधी बघत नाहीत. कोणता गेम कोणत्या फोनला कितपत झेपतो, हे त्यांना कोणता फोन पुन्हा दुरुस्तीला आला यावरून कळतं.

असं रेटिंग कोणी रीतसर देतं का? देतं. व्हॉल्व कंपनीनं आपल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्रासाठी तशी सोय केली आहे. तिथं गेमला तारे नाहीत. बटणं नीट चालतात का, एवढ्याशा पडद्यावर अक्षरं वाचता येतात का, काही न बदलता खेळ सुरू होतो का, हे तपासून शिक्का मारतात: पडताळलेला, खेळण्याजोगा, किंवा चालत नाही. खेळ महान आहे की टुकार, त्यावर एक शब्द नाही. तिथं यंत्र एकच, म्हणून ते जमतं. अँड्रॉइडवर फोनांचे प्रकार हजारोंनी, हे मान्य. तरी स्टोअरला आपला फोन कोणता, आत रॅम किती, हे माहीत असतंच. मग ४.३ च्या शेजारी तुमच्यासारख्याच फोनवाल्यांचं मत मोठ्या अक्षरात दाखवायला काय हरकत आहे? तोवर एकच उपाय. वरचा आकडा सोडा, दोन-तीन ताऱ्यांचे ताजे शेरे वाचा, आणि ज्यात फोनचं नाव लिहिलंय त्यांच्यापाशी थांबा.

काउंटरवर एक शाळकरी पोरगी आली आहे, मोठ्या भावाचा जुना फोन घेऊन. टेम्पर्ड लावायचंय. जाता जाता पबजीच्या भारतीय अवताराबद्दल विचारते, "काका, याच्यावर बीजीएमआय चालते का?"

काका फोन उलटा करून मॉडेल बघतात.

"कुठं खेळतं? घरी कूलरसमोर का 'आपली बस'मध्ये?"

"बसमध्ये."

"मग ग्राफिक्स स्मूथवर ठेवजो, अन् खिडकीकडं बसू नको."