आधी होस्टला विचारा

नमस्कार. एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या सर्व्हरवर, चालणारे कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) आणि व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, म्हणजे व्हीएम) अडले की शोध कुठून सुरू करायचा आणि कोणत्या क्रमाने करायचा, हा आजचा विषय. तो क्रम मी सांगणार आहे, कमांडसकट. पण त्याआधी एक गोष्ट मांडू द्या, कारण ती पटली नाही तर क्रम नुसता पाठ होईल आणि गरजेच्या वेळी आठवणार नाही. कंटेनरच्या किंवा व्हीएमच्या आत बसून जो आकडा दिसतो, तो कोणाचा आहे हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. आणि ते विचारायची जागा म्हणजे होस्ट.

इथले बहुतेक जण सर्व्हर सांभाळणारे आहात. जरा हात वर करून सांगा, सर्व्हिस बंद पडल्याचा फोन आला की सगळ्यात आधी रीस्टार्ट कोण करतं? बरेच हात आहेत. मागच्या रांगेतला एक हात अर्धा वर आलाय, त्यांचे साहेब बहुतेक शेजारी बसलेत. (हशा) रात्री तीनला उठवलेल्या माणसाला मी दोष देत नाही, सर्व्हिस चालू करणं हे त्याचं कामच आहे. पण रीस्टार्टने पुरावा जातो. कंटेनर नव्याने उभा राहिला की जुनी प्रोसेस, तिचे उघडे सॉकेट, तिच्या सीग्रुपमधले, म्हणजे साधनांचा वापर मोजणाऱ्या गटातले, आकडे, सगळं पुसलं जातं. मग सकाळी बैठक भरते, कोणाच्याच हातात काही नसतं आणि खापर सगळ्यात कनिष्ठ मुलावर फुटतं: ‘तुझं ॲप्लिकेशन मेमरी खातं.’ हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की या विषयावर शांतपणे बोलणं मला जमत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातली एक संस्था, नाव घेत नाही. एक दणकट सर्व्हर, त्यावर व्हीएम चालवणारं केव्हीएम, खाली डिस्कची जागा वाटून देणाऱ्या एलव्हीएमचा थिन पूल. थिन पूल म्हणजे प्रत्येक व्हीएमला कागदोपत्री मोठी डिस्क द्यायची आणि खरी जागा ती लिहील तशी द्यायची. लग्नाच्या पत्रिका हजार वाटायच्या आणि पंगत चारशेची मांडायची, असा प्रकार. बहुतेक वेळा निभतं, कारण सगळे येत नाहीत.

तर तिथल्या डेटाबेसच्या व्हीएमची फाइल सिस्टीम अचानक रीड-ओन्ली झाली. लिहिणं बंद, पावत्या बंद, काउंटरवर माणसं खोळंबलेली. व्हीएम रीबूट केली. फाइल सिस्टीम तपासणारं एफएससीके चाललं, काही दुरुस्त्या झाल्या, मशीन वर आली, डेटाबेस चालू झाला. सगळ्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत फाइल सिस्टीम पुन्हा रीड-ओन्ली. पुन्हा रीबूट, पुन्हा तेच. डेटाबेसवाले म्हणाले डिस्क खराब आहे. हार्डवेअरवाले येऊन तपासून गेले, डिस्का ठणठणीत. मग डेटाबेसचं व्हर्जन जुनं आहे, ते बदला, असा ठराव होऊ लागला.

तिथे एक मुलगी होती, नोकरीत नवी. तिने मला फोन केला. म्हणाली, ‘सर, डिस्क भरली असेल म्हणावं तर डीएफमध्ये निम्मी रिकामी दिसतेय. आयनोडसुद्धा भरपूर शिल्लक आहेत.’ बघा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, तपासायचं तिच्या लक्षात आलं होतं. पुष्कळांच्या येत नाही. मी विचारलं, ‘अगं, निम्मी रिकामी कोणाची?’ ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘व्हीएमची.’ म्हटलं, ‘आता होस्टवर जा, एलव्हीएस चालव आणि पूलच्या ओळीत डेटाचे टक्के वाच.’ तिकडून आवाज आला, ‘शंभर.’

आता मधे जे घडत होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘रीबूट केलं की चालतं आणि मग परत पडतं’ या लक्षणाने फार लोकांना फसवलंय. पूल भरला की डिव्हाइस-मॅपर, म्हणजे कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) पूल सांभाळणारा भाग, नव्या जागेसाठी आलेलं लेखन सुरुवातीला नुसतं थांबवून धरतो. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंदांची असते. तेवढ्यात जागा वाढली तर व्हीएमला काही कळतही नाही. नाही वाढली तर मुदत संपल्यावर एरर परत जाते. मग व्हीएममधल्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टीमचा जर्नल, म्हणजे तिची बदलांची नोंदवही, बंद पडतो आणि फाइल सिस्टीम स्वतःला रीड-ओन्ली करून घेते. पण ज्या ब्लॉकना आधीच खरी जागा मिळालेली आहे, त्यांच्यावर पुन्हा लिहिणं पूल भरला तरी चालू राहतं. म्हणून रीबूटनंतर मशीन सुरळीत उठते, जुन्या पानांवर काम करते, आणि डेटाबेसने पहिला नवा ब्लॉक मागितला की कोसळते. चहा येईपर्यंतचा जो काळ होता ना, तो नवा ब्लॉक मागितला जाईपर्यंतचा काळ होता.

आणि भरला कोणी होता तो पूल? दुसऱ्याच व्हीएमने. चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनवर कोणीतरी डेटाबेसच्या प्रती उतरवून घेतल्या होत्या. नंतर त्या पुसल्याही होत्या, त्यामुळे त्या मशीनच्या आतूनसुद्धा सगळं रिकामंच दिसत होतं. व्हीएमच्या आत फाइल पुसली म्हणजे जागा पूलला परत मिळत नाही. त्यासाठी क्यूईएमयूच्या, म्हणजे व्हीएमला डिस्क पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या, डिस्कवर डिस्कार्ड (मोकळी जागा खाली कळवणं) चालू हवं आणि आतून ती जागा कळवणारं एफएसट्रिम चालायला हवं. तिथे दोन्ही नव्हतं. शिवाय एक जुना स्नॅपशॉट कधीचा पडून होता. म्हणजे दोन व्हीएम, दोघींच्या आत जागा मोकळी आणि खालचा पूल ठार भरलेला. आतून बघणाऱ्याला हे कळण्याचा मार्गच नव्हता.

होस्टच्या कर्नल लॉगमध्ये मात्र सगळं लिहून ठेवलेलं होतं. डेटा डिव्हाइसची जागा खालच्या खुणेला पोचली, पूल ‘आउट ऑफ डेटा स्पेस’ अवस्थेत गेला, व्यवस्थित ओळी, वेळेसकट. इतक्या माणसांनी हात लावला, पण त्या ओळी कोणी वाचल्या नव्हत्या, कारण अडचण व्हीएममध्ये दिसत होती आणि सगळे व्हीएममध्येच बसले होते. स्नॅपशॉट काढला, व्हॉल्यूम ग्रुपला एक डिस्क जोडून पूल वाढवला, डिस्कार्ड चालू केलं, एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर लावला. डेटाबेसचं व्हर्जन आहे तेच राहिलं. जाता जाता सांगतो, एलव्हीएममध्ये पूल आपोआप वाढवायची सोय आहे, पण तिचा उंबरठा मूळ सेटिंगमध्ये १०० असतो आणि १०० म्हणजे सोय बंद. आज परत गेलात की आपापल्या होस्टवर ही एक ओळ बघा.

हे असं का होतं, त्याचं मूळ थोडं इतिहासात आहे. वेळ होत आलाय, तरी थोडक्यात सांगतोच. प्रोसेसला वेगळी मूळ डिरेक्टरी दाखवणारं सीएचरूट १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आहे. २००० मध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने जेल आणले. लिनक्समध्ये २००६ साली गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी साधनांच्या वाटपाचं काम सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये, ते सीग्रुप म्हणून कर्नलमध्ये आलं. नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला सिस्टीमचं वेगळं चित्र दाखवणाऱ्या सोयी, तर एकेक करून वर्षानुवर्षं येत राहिल्या. माउंटची २००२ मध्ये आली, युजरची २०१३ मध्ये पूर्ण झाली, वेळेची २०२० मध्ये. आज अशा आठ आहेत. म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये कंटेनर नावाची एकसंध वस्तू नाही. आठ नेमस्पेस, सीग्रुप आणि काही सुरक्षेची बंधनं एकत्र बांधली की त्याला आपण कंटेनर म्हणतो. ज्या गोष्टीची नेमस्पेस झालेली नाही, ती सगळ्यांची सामाईक. एकदा हे ध्यानात आलं की अर्धे प्रश्न सुटतात.

मेमरीचंच बघा. कर्नल आपले आकडे जिथे दाखवतो त्या प्रॉक डिरेक्टरीमधली मेमइन्फो ही फाइल कंटेनरनुसार बदलत नाही. म्हणून डॉकर कंटेनरमध्ये ‘फ्री’ चालवलं की होस्टची मेमरी दिसते. एलएक्ससी या दुसऱ्या कंटेनर प्रणालीत एलएक्ससीएफएस ती फाइल झाकून सीग्रुपचे आकडे दाखवतं. जुन्या जावाने यात किती जणांना रडवलं! जावाची कमाल हीप, म्हणजे प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी, मूळ सेटिंगमध्ये दिसणाऱ्या मेमरीच्या पाव हिश्शाइतकी असते. होस्ट ६४ जीबीचा, कंटेनरची मर्यादा २ जीबी, आणि जावा १६ जीबीची हीप धरून चालायचं. मग कर्नल मारणार आणि एक्झिट कोड १३७ येणार, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. २०१८ मध्ये जावा १० ला, आणि मग जावा ८ च्या १९१ व्या अपडेटला, सीग्रुपची मर्यादा वाचायची अक्कल आली. तोवर किती प्रोग्रामरांनी नसलेली गळती शोधण्यात रात्री घालवल्या असतील, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आयोजक खूण करताहेत. कबूल केलेला क्रम आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं काढा आणि होस्टवर डीमेसेज किंवा जर्नलसीटीएल -के वाचून फाइलमध्ये ठेवा. प्रोसेस मेलेली असेल तर ओळ नीट बघा. ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ असेल तर कंटेनरने स्वतःची मर्यादा ओलांडली. नुसतं ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर होस्टचीच मेमरी संपली आणि बळी कोण पडला हा वेगळा मुद्दा. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात मर्यादा वाढवाल, दुसऱ्यात तीच वाढवलीत तर आणखी चार कंटेनर पडतील.

मग विचारा, कर्नल कोणाचा? व्हीएमला स्वतःचा कर्नल आहे, तेव्हा तिथे लॉग दोन ठिकाणी बघायचे, आतला आणि होस्टचा. व्हीएम मंद असेल तर आत ‘टॉप’मधला एसटीचा रकाना बघा. तो चढलेला असेल तर सीपीयू होस्टवर दुसरं कोणीतरी वापरतंय आणि तुमच्या क्वेरी सुधारून काही होणार नाही. कर्नल ४.२० पासून प्रॉकमध्ये प्रेशर नावाची डिरेक्टरी आहे. सीपीयू, मेमरी आणि आयओ यांपैकी कशासाठी प्रोसेस ताटकळताहेत ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. लोड ॲव्हरेजपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

कंटेनर असेल तर होस्टवर त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) शोधा. ती होस्टची साधी प्रोसेसच आहे. नेटवर्क बघायचं असेल तर कंटेनरमध्ये टूल बसवत बसू नका, एनएसएंटरने फक्त त्याच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरा आणि होस्टचंच एसएस किंवा टीसीपीडंप वापरा.

आता सामाईक मर्यादा. नवा कंटेनर उठत नाही, ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणतो आणि युलिमिट, म्हणजे प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा, तर भरपूर आहे. होस्टवर आयनोटिफायच्या, म्हणजे फाइलींमधल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या सोयीच्या, इन्स्टन्सची मर्यादा बघा. ती पुष्कळ ठिकाणी १२८ असते, प्रत्येक कंटेनरमधलं सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी त्यातल्या काही घेतं आणि होस्टच्या हिशेबात सगळे एकाच खात्यावर मांडले जातात. वॉच संपले तर एरर येते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, डिस्क रिकामी असली तरी. कर्नलच्या की-रिंगची, म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवायच्या जागेची, मर्यादाही तशीच, साध्या युजरला २०० किल्ल्या. कंटेनर वाढले की तीही वाढवा. जोडण्या अधूनमधून तुटत असतील तर होस्टच्या लॉगमध्ये ‘एनएफ कॉनट्रॅक टेबल फुल’ शोधा. नॅटमधून, म्हणजे होस्टवर पत्ते बदलून, जाणाऱ्या सगळ्या कंटेनरांच्या जोडण्या त्या एकाच तक्त्यात असतात आणि कंटेनरच्या आत याची एक ओळसुद्धा येत नाही.

पिंग जातं पण मोठी फाइल अडकते, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. व्हीएक्सलॅनचं, म्हणजे एका नेटवर्कवर दुसरं आभासी नेटवर्क चालवण्याच्या पद्धतीचं, वेष्टन ५० बाइट खातं, तेव्हा खाली १५०० असेल तर आत १४५० हवं.

शेवटचं, आणि हे केव्हीएम व डॉकर एकाच होस्टवर ठेवणाऱ्यांसाठी. डॉकर बसवलं आणि ब्रिजवरच्या (होस्टमधल्या आभासी स्विचवरच्या) व्हीएमचं नेटवर्क गेलं, तर व्हीएमला हात लावू नका. २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून डॉकर आयपीटेबल्स या फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण ‘ड्रॉप’ ठेवतं, म्हणजे परवानगी नसलेली पाकिटं टाकून दिली जातात, आणि बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असेल तर ब्रिजवरची पाकिटंही त्या साखळीतून जातात. डॉकर-युजर साखळीत त्या ब्रिजला परवानगी देणारा नियम घाला. आयपीटेबल्स सरसकट फ्लश करू नका, कंटेनरांचं नॅट जाईल. उरलेल्या कमांड फळ्यावर लिहितो, तोवर प्रश्न विचारा.