दोन पदव्या, एक भिंत

(दृश्य : रिकामी भिंत, कूलरचा आवाज. निवेदन आठव्या सेकंदाला सुरू.)

मे महिना. नागपूर. दुपारचे दोन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या या खोलीत कूलरच्या ताट्या नुकत्याच ओल्या केल्यात, आणि समोरच्या भिंतीवर नव्या अभ्यासक्रमाच्या चिठ्ठ्या डकवणं चालू आहे. पिवळी चिठ्ठी म्हणजे लेक्चरचा विषय, गुलाबी म्हणजे प्रॅक्टिकल. वर पदवीची आठ सेमिस्टर, खाली पदव्युत्तरची चार.

(दृश्य : चिठ्ठ्या उडतात.)

हे आम्ही ठरवून केलेलं नाही. कुणीतरी कूलरचा पंखा वाढवला आणि तिसरं सेमिस्टर उडून टेबलाखाली गेलं. 'डेटा स्ट्रक्चर' लगेच सापडलं, 'डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स' पार दाराबाहेर. तेव्हापासून नियम : चिठ्ठ्या लावताना कूलर बंद. पुढे सगळ्यांच्या कपाळावर घाम दिसेल, त्याचं कारण हे.

विद्यापीठाचं नाव आम्ही घेत नाही. आराखडा अजून विद्या परिषदेत जायचा आहे. मंजुरीआधी गवगवा झाला की कामात खोडा बसतो, असं विभागप्रमुख मॅडमचं म्हणणं.

(दृश्य : हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.)

लेक्चरचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी ३० तास. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांचे १२० ते १३२, चार वर्षांचे १६० ते १७६. भिंत लांबरुंद दिसते, पण पहिल्या रकान्यात या हिरव्या चिठ्ठ्या आधीच येऊन बसल्यात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं आणलेल्या : भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, खेळ किंवा एनएसएस. त्या हलवता येत नाहीत. उरल्या जागेत ज्या विषयासाठी पोरगं आलंय, तो विषय बसवायचा.

आणि इथे पहिलं भांडण. अल्गोरिदम शिकवणाऱ्या सरांच्या हातात 'पायथॉन' ही प्रोग्रामिंगची भाषा, मॅडमच्या हातात 'डिस्क्रीट मॅथ्स', म्हणजे तर्क, मोजणी आणि सिद्धतेचं गणित. जागा एक.

(दृश्य : दोघांचे हात. इथे निवेदन नाही, त्यांचाच आवाज.)

"पोरगं पहिल्याच महिन्यात स्क्रीनवर काही चालताना पाहीन, तर टिकन, मॅडम."

"आणि तिसऱ्या सेमला अल्गोरिदम शिकवताना इंडक्शन कोण सांगन? तुम्ही की मी?"

इंडक्शन म्हणजे एका पायरीवरून पुढची पायरी सिद्ध करत जायची रीत. सर हसले. कारण गेली कित्येक वर्षं ते तेच करून राहिलेत, अल्गोरिदमच्या तासांतले तास काढून.

(दृश्य : पिवळे पडलेले झेरॉक्स, बाणांची आकृती.)

हे भांडण नागपूरचं नाही, आणि आजचंही नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे १९६३ साली आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० हे यंत्र आलं. १९६८ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेनं पदवीला काय शिकवावं याचा आराखडा छापला. त्यातल्या सुरुवातीच्या विषयांत तिसराच क्रमांक डिस्क्रीट स्ट्रक्चर्सचा, म्हणजे मॅडमच्या डिस्क्रीट मॅथ्सचाच. कुठला विषय कुठल्या विषयाआधी, हे दाखवणारे बाणही त्यात आहेत. १९७८च्या आराखड्यात गणिताची ही वीण सैल झाली, त्यावर कडक टीका झाली, आणि २००१ साली डिस्क्रीट स्ट्रक्चर्स पुन्हा गाभ्यात आलं. २०२३च्या आवृत्तीत त्याच्या जोडीला संख्याशास्त्रही बसलंय. म्हणजे जगानं एकदा हा दगड काढून पाहिला आणि परत लावला. मॅडमनी हे झेरॉक्स सरांपुढे ठेवलं. सर म्हणाले, "बरोबर आहे, पण त्यांच्या पहिल्या सेमला हिरव्या चिठ्ठ्या कुठं होत्या?"

वाट मग हिरव्या चिठ्ठीतूनच निघाली.

(दृश्य : फळा. मॅडम खडूनं लिहितात.)

हे नीट बघा. या चित्रफितीतलं आम्हाला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच.

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा भरायच्या, तर किती प्रकारे? मॅडम लिहीत जातात : गुरू गुरू. लघु लघु गुरू. लघु गुरू लघु. गुरू लघु लघु. आणि चार लघु. झाले पाच. तीन मात्रांचे तीन, दोनाचे दोन. तीन आणि दोन, पाच. का? कारण ओळ संपते ती लघूवर नाहीतर गुरूवर. लघूवर संपली तर मागे तीन मात्रा उरतात, गुरूवर संपली तर दोन. बस्स. मोठा प्रश्न दोन लहान प्रश्नांत मोडला, तेही त्याच जातीच्या.

एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. युरोपात हे आकडे फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे ओळखीचे झाले. जैन पंडित हेमचंद्राचार्यांनी ते त्याआधीच, बाराव्या शतकात, छंदांच्या हिशेबात मांडले होते, आणि विरहांक हा छंदशास्त्री त्यांच्याही आधीचा. पादाकुलक या वृत्ताच्या आठ मात्रांचा एक तुकडा घेतला तर ३४ प्रकार. समोर बसलेल्या दोन विद्यार्थिनी टाळ्या वाजवून मोजून पाहतात. चुकतात. परत मोजतात.

(इथे निवेदन थांबवा. टाळ्यांचा आवाज, १५ सेकंद.)

म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन क्रेडिटांत पहिल्या सेमिस्टरलाच रिकर्शन, म्हणजे प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांत मोडणं, आलं, तेही अभिमानाची भाषणं न ठोकता. सरांचं पायथॉन शाबूत. डिस्क्रीट मॅथ्स दुसऱ्या सेमिस्टरला गेलं, अल्गोरिदमच्या एक सेमिस्टर आधी. दोघांचंही समाधान झालं असं नाही, पण चिठ्ठी चिकटली.

(दृश्य : चकरी, पांढरा दोरा.)

हा दोरा एका विद्यार्थ्यानं आणलाय. संक्रांतीत उरलेला, साधा. मांजा नाही, बोटं कापायची नाहीत कुणाची. डिस्क्रीट मॅथ्सला एक टाचणी, अल्गोरिदमला एक, मध्ये दोरा. डेटा स्ट्रक्चरपासून डीबीएमएसला, म्हणजे माहिती साठवायच्या डेटाबेसच्या विषयाला. आर्किटेक्चरपासून ऑपरेटिंग सिस्टिमला. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी, दोन्हींतून मशीन लर्निंगला. आधी हे आलं पाहिजे, मग ते.

मशीन लर्निंगच्या चिठ्ठीला किती दोरे येतात ते मोजा. प्रवेशाच्या खिडकीवर आईवडील एकच विचारतात, "यात एआय आहे न?" आहे. पाचव्या सेमिस्टरला आहे. पहिल्या सेमिस्टरला नाव टाकलं तर जागा लवकर भरतील, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भिंतीवर मात्र ते पाचव्यातच राहिलं, कारण दोरे त्याआधी पोचत नाहीत.

मागच्या बाकावरून एकजण विचारतो, "सर, डिस्क्रीटमध्ये एटीकेटी लागली अन् पोरगं पुढच्या वर्गात गेलं, तर?"

खोली गप्प. आपल्याकडे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसता येतं. इंडक्शन न येणारा मुलगा अल्गोरिदमच्या वर्गात रीतसर बसतो.

सर दोऱ्यावर कात्रीसारखी दोन बोटं फिरवतात. मागून पतंग कापल्याची आरोळी येते, "ओऽऽ काट!"

(दृश्य : सगळे हसतात. हसू पूर्ण संपू द्या.)

आता खालची ओळ. पदव्युत्तर.

एमएस्सीच्या वर्गात कोण येतं? कुणी बीएस्सीला गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला संगणक घेतलेला, कुणी बीसीए, कुणी बीसीसीए. हे शेवटचं नाव विदर्भाबाहेर उलगडून सांगावं लागतं : कॉमर्सच्या अंगानं आलेली संगणकाची पदवी. एकानं चांगलं सॉफ्टवेअर लिहिलंय पण सिद्धता कधी लिहिली नाही. दुसऱ्याचं गणित पक्कं, पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं की घाबरतो.

(दृश्य : फळ्यावर झाड काढणारा विद्यार्थी.)

हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. फिबोनाचीचा पाचवा आकडा रिकर्शननं काढताना फंक्शन किती वेळा बोलावलं जातं, त्याचं झाड तो काढून राहिलाय. पाचाखाली चार आणि तीन, चाराखाली तीन आणि दोन, असं एक आणि शून्यापर्यंत. वर्तुळांत वर्तुळं. मोजून सांगतो, १५. बरोबर. दोनाचं वर्तुळ तीनदा आलंय, तेही त्याच्या लक्षात येतं, आणि तो स्वतःच म्हणतो, "एकदा काढून ठेवलं तर परत कशाला काढायचं?" इथपर्यंत सुरेख. मग सर विचारतात, पाचाऐवजी एन असेल तर किती वर्तुळं? खडू थांबतो.

(निवेदन नाही. खडूवर कॅमेरा, ९ सेकंद.)

मुलगा हुशार आहे, दिसतंच. पण या प्रश्नासाठी एमएस्सीचं पहिलं सेमिस्टर जातं. दुसऱ्या सेमिस्टरलाही पुन्हा डीबीएमएस, पुन्हा नेटवर्क, फक्त नावापुढे 'ॲडव्हान्स्ड'. पदवी एका समितीनं एका साली आखली, पदव्युत्तर दुसऱ्या समितीनं दुसऱ्या साली. दोघींनी एकमेकींचा कागद पाहिला नाही. एमएस्सी म्हणजे बीएस्सीची उजळणी झाली ती अशी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी खालच्या ओळीतले पहिले दोन रकाने उपटले.

(दृश्य : रकाने हलवताना. पूर्ण घ्या, कापू नका.)

धोरणाची गंमत अशी, की तीन वर्षं करून बाहेर पडलेला मुलगा दोन वर्षांच्या पदव्युत्तरला येतो, आणि चार वर्षांची ऑनर्स केलेला एकाच वर्षाच्या. म्हणजे दुसरा थेट शेवटच्या वर्षात. मग एकाचं चौथं वर्ष आणि दुसऱ्याचं पदव्युत्तरचं पहिलं वर्ष, यांची पायरी एकच नाही का? कागदावर सगळ्यांनी हे वाचलं होतं. भिंतीवर पहिल्यांदा दिसलं. मॅडमनी पदव्युत्तरची पहिली दोन सेमिस्टर पदवीच्या सातव्या-आठव्याखाली नेऊन लावली आणि चिठ्ठ्या जुळवायला लागल्या. कंपायलर वर, कंपायलर खाली. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम वर, खालीही. खालची चिठ्ठी काढली, वरची दोन्ही रकान्यांत मावेल अशी मध्ये लावली. एक वर्ग, एक शिक्षक, एक पेपर. मग पदव्युत्तरचं तिसरं-चौथं सेमिस्टर सरकून नववं-दहावं झालं. आठ आणि चार, बारा रकान्यांची भिंत दहावर आली.

ऑनर्समध्ये संशोधन घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. त्या मुलांचा प्रबंध आठव्या रकान्यात सुरू होतो, आणि मुलगा इथंच राहिला तर दहाव्यापर्यंत तोच वाढवता येतो. मॅडमनी तिथं दोऱ्याला गाठ मारली नाही, नुसता लोंबता सोडला. पुढे पीएचडी, म्हणाल्या.

वेगवेगळ्या पदव्यांतून येणाऱ्यांसाठी जुलैत तीन आठवड्यांचा पूल : सकाळी सिद्धता, दुपारी टर्मिनल. क्रेडिट नाही. शिकवणार कोण, तर हे दोघंच.

(दृश्य : मोकळा व्हरांडा. हा तुकडा छोटा.)

तास कमी झाले की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं कामही कमी होतं. त्यांच्यापैकी कुणी कॅमेऱ्यासमोर बोललं नाही. चौथं वर्ष न चालवणाऱ्या महाविद्यालयांतल्या मुलांचं काय, आणि पहिल्याच वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रात कोण उभं करेल, हे प्रश्नही निघाले. वेळ झाली होती.

(दृश्य : मोबाईलनं भिंतीचा फोटो.)

अभ्यास मंडळाच्या बैठकीत कॅमेरा नेता येत नाही. तिथं भिंतही नेता येत नाही. तिथं जातो तो तक्ता : विषयाचा संकेतांक, नाव, तास, क्रेडिट, अंतर्गत गुण, परीक्षेचे गुण. सर फोटो बघून एक्सेलमध्ये भरून राहिलेत. सातव्या सेमिस्टरपाशी ते थबकतात. एकच चिठ्ठी दोन पदव्यांत, तर संकेतांक कुठला द्यायचा? शेवटी दोन देतात, आणि शेऱ्यात लिहितात, "एकत्रित वर्ग".

"अन् दोरे?" चकरीवाला विचारतो.

सर स्क्रीनवर डावीउजवीकडे सरकवून बघतात. तक्त्यात तसा रकाना नाही. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसतात. "शेऱ्यातच लिहा. एकेका विषयापुढे. 'याआधी डिस्क्रीट मॅथ्स.' लिहा."

सर लिहायला लागतात. चाळीसेक चिठ्ठ्या आहेत.

(दृश्य : टाचण्या निघतात. मुलगा दोरा चकरीवर गुंडाळतो. मागे कूलर पुन्हा सुरू होतो. आवाज तसाच ठेवून काळा पडदा.)