मशिनीचा आवाज

नमस्कार श्रोतेहो. वरिष्ठाने आपली चूक हाताखालच्या माणसांसमोर कबूल करावी की झाकावी, या प्रश्नावर आज मी बोलणार आहे, आणि त्यासाठी देवगड तालुक्यातल्या आंब्याच्या एका कारखान्यात घालवलेला मे महिना मला सांगावा लागेल.

तिथे हापूसचा रस ८५० ग्रॅमच्या डब्यांत भरला जाई. पावसाच्या आत माल संपवायचा असल्यामुळे रात्रपाळीही चाले. एका रात्री वीज गेली आणि ती परत आल्यावर, खोळंबलेला रस लवकर उरकावा म्हणून, आमच्या व्यवस्थापकांनी झाकणांची जोड तपासण्याचे काम थांबवायला सांगितले. चौथ्या दिवशी गोदामात डबे फुगलेले दिसले. फुगलेला डबा म्हणजे आतला माल नासलेला, हे तुम्हाला घरोघरी ठाऊक आहे.

आता मशीन चालवणाऱ्या पोराची धडगत नाही, असे सर्वांना वाटले. व्यवस्थापकांनी मात्र आंबे चिरणाऱ्या बायकांसकट सगळ्यांना अंगणात बोलावले आणि सांगितले, “तपासणी मी थांबवली. घाई माझी होती, चूकही माझी आहे. पण डबे मुळात गळायला का लागले, ते मला कळत नाही.” हे शेवटचे वाक्य पुन्हा ऐका, श्रोतेहो: ते मला कळत नाही. साहेबाच्या तोंडून हे वाक्य आम्ही तोवर ऐकले नव्हते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग साली गोळा करणारी एक मावशी पदर सावरत म्हणाली, “साहेबांनू, त्या मशिनीचो आवाज आठ दिस झाले बदललो हा. पण तुमका सांगूक धीर होय नाय.” मशीन उघडले, तेव्हा झाकण दाबणारे चाक झिजलेले निघाले.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना असेच काही आढळले. चांगल्या गटांत चुका अधिक नोंदलेल्या दिसत होत्या, कारण तिथली माणसे त्या न लपवता बोलून दाखवत होती. चुकांची नोंद अधिक, म्हणजे काम वाईट, असे नव्हे. माझे स्वतःचे मत जरा कडक आहे: चारचौघांत ओरडणाऱ्याने बंद दाराआड मागितलेली माफी मी माफी मानत नाही, आणि सकाळच्या शुभेच्छांच्या गर्दीत मोबाईलवर पाठवलेली तर मुळीच नाही. अर्थात, स्वतःची प्रत्येक चिंता कामगारांपुढे मांडत बसणे हा प्रामाणिकपणा नव्हे. ज्या निर्णयाचा त्रास त्यांना झाला, त्याविषयी खरे सांगणे पुरेसे आहे.

मालकांनी त्या हंगामाचा बोनस व्यवस्थापकांना दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या मे महिन्यात मी गेलो, तेव्हा ते तिथेच होते आणि मावशींचे स्टूल मशीनच्या शेजारी होते.