हेंडरसनचे बेडूक आणि दरडोई पैसा

(दृश्य: शेतालगतची पाणथळ जागा. उंच गवत. किड्यांची किरकिर.)

1995 चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, हेंडरसन गावाजवळ, शाळेची काही मुलं बेडूक पकडत होती. पहिल्या बेडकाचा पाय वाकडा दिसला, तेव्हा आपल्याच हातून तो मोडला की काय, असं मुलांना वाटलं. मग दुसरा सापडला, तिसरा सापडला. कुणाला एकच मागचा पाय, कुणाला जास्तीचा. पकडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बेडूक असे निघाले.

मुलांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला कळवलं आणि इंटरनेटवरही माहिती टाकली. तेव्हा इंटरनेट अजून नवलाईचं होतं. हळूहळू इतर राज्यांतून, कॅनडातून अशाच बेडकांच्या बातम्या येऊ लागल्या. परजीवी, कीटकनाशकं, सूर्यकिरण या सगळ्यांवर पुढे वर्षानुवर्षं संशोधन चाललं.

आपली गोष्ट मात्र त्या मुलांच्या शाळेची आहे.

(दृश्य: गावातला मुख्य रस्ता. जुन्या विटांच्या इमारती.)

मिनेसोटा न्यू कंट्री स्कूल. 1994 मध्ये शेजारच्या ल सूर गावात सुरू झालेली, नंतर हेंडरसनला आलेली. हेंडरसनची वस्ती हजाराच्या आतबाहेर. या शाळेत मुख्याध्यापक नव्हते. तासाची घंटा नव्हती. प्रत्येक मुलाला स्वतःचं टेबल आणि स्वतःचा अभ्यासप्रकल्प. शिक्षकांनी मिळून एक सहकारी संस्था काढली आणि शाळा चालवायची जबाबदारी तिच्यामार्फत स्वतःकडे घेतली. साखर कारखाना आणि दूधसंघ पाहत वाढलेल्या आपल्या माणसाला ही कल्पना लगेच कळेल. तिथे ती नवीन होती.

अशा शाळेला चार्टर स्कूल म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. काही पालक-शिक्षक एकत्र येतात, आम्ही अशी अशी शाळा चालवू म्हणतात, आणि त्यांना ठरावीक मुदतीची सनद मिळते. फी घ्यायची नाही, प्रवेशासाठी मुलं निवडायची नाहीत. बदल्यात सरकारी पैसा मिळतो आणि बऱ्याच नियमांतून सूट मिळते. खासगी संस्थेने चालवायच्या आणि सरकारने पगार द्यायचे, अशा अनुदानित शाळांत महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शिकल्या आहेत. तेव्हा ही कल्पना आपल्याला फार परकी नाही.

अमेरिकेत अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटानेच केला, 1991 मध्ये. राज्याच्या सिनेटर एम्बर रायकगॉट यांनी तो पुढे रेटला. परवानगी मिळाली ती अख्ख्या राज्यात फक्त आठ शाळांना. पहिली शाळा 1992 मध्ये सेंट पॉल शहरात उघडली. ल सूर-हेंडरसनसारख्या शेतकी भागाने त्यानंतर दोनच वर्षांत आपली शाळा काढली, याचं मला फार कौतुक वाटतं.

(दृश्य: पिवळी शाळा-बस, बर्फाने भरलेला रस्ता. बसमध्ये तीन-चारच मुलं.)

आता पैशाकडे येऊ. कारण खेड्यातल्या शाळेचं सगळं त्यावरच येऊन थांबतं.

1971 मध्ये मिनेसोटाने शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीवरून काढून राज्याच्या तिजोरीवर घेतला. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, हे कमी व्हावं म्हणून. निर्णय उत्तम होता. पण वाटपाचं माप ठरलं ते मुलांची डोकी. 2024-25 साठी हा मूळ आकडा होता दर विद्यार्थी 7281 डॉलर. मूल जिथे जाईल तिथे पैसा जाईल.

दहा मुलं जिल्ह्याच्या (तिथे जिल्हा म्हणजे शाळा-जिल्हा, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) शाळेतून सनदी शाळेत गेली, तर साध्या हिशोबाने 72,810 डॉलर तिकडे गेले. एका शिक्षकाच्या पगाराएवढी ही रक्कम. पण ती दहा मुलं दहा वेगवेगळ्या इयत्तांतली असतात. त्यांच्या जाण्याने जुन्या शाळेतला एकही वर्ग कमी होत नाही, एकही बस कमी होत नाही. मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली जातो. वर्गात वीस मुलं असोत की अठरा, तो गरम ठेवायला इंधन तेवढंच जळतं. शहरात हा धक्का शेकडो वर्गांत विरून जातो. खेड्यात तो थेट एका शिक्षकाच्या नोकरीवर येतो, आणि बहुतेक वेळा तो शिक्षक संगीताचा नाहीतर चित्रकलेचा असतो.

म्हणून सनदी शाळेविषयी गावात जी कडवट भाषा ऐकू येते, ती मी नुसती मत्सराची मानत नाही. तिच्यामागे खरा हिशोब आहे.

(दृश्य: शाळेच्या दारावरची पाटी. कॅमेरा हळूच आत.)

पण सनदी शाळाही सुखात नसते. जिल्ह्याला मतदारांकडे जाऊन जादा कर मागता येतो. सनदी शाळेला घरपट्टीतून कर उभारण्याचा हक्कच नाही. राज्याच्या पैशातून इमारतही विकत घेता येत नाही. भाड्यासाठी वेगळी मदत मिळते, पण ती भाड्याच्या 90 टक्के किंवा दर विद्यार्थी एककामागे (इयत्तेनुसार वजन देऊन मोजलेल्या पटामागे) 1314 डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढीच. खेड्यात शाळेजोगी जागाच मुळात दोन-तीन असतात. त्यांतली एक गळकी आणि दुसरी फार मोठी.

मग आलं 2011. राज्याच्या अर्थसंकल्पाला भगदाड पडलं होतं. तडजोड अशी झाली की शाळांना द्यायच्या पैशातला 40 टक्के हिस्सा पुढच्या वर्षावर ढकलायचा. ज्यांच्याकडे गंगाजळी होती त्यांनी दिवस काढले. ज्यांच्याकडे ना कर, ना इमारत, ना शिल्लक, अशा शाळांना पगारासाठी कर्ज काढावं लागलं. आपल्याकडे 20 टक्के, 40 टक्के अशा टप्प्यांच्या अनुदानाची वाट बघत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

(दृश्य: नदीला आलेला पूर. रस्त्यावर 'बंद'चा अडसर.)

आणि ही मिनेसोटा नदी. वसंतात बर्फ वितळलं की ती फुगते आणि हेंडरसनकडे येणारे रस्ते पाण्याखाली जातात. बसला लांबचा वळसा पडतो. तो वळसा डोक्यांच्या हिशोबात कुठेच बसत नाही.

नर्स्ट्रँड, इको अशा त्याहून लहान खेड्यांतही सनदी शाळा निघाल्या. कित्येकदा कारण अगदी साधं असतं: जिल्हा शाळा बंद करायला निघतो आणि गावाला ती हवी असते. 1940 च्या सुमारास अमेरिकेत एक लाख सतरा हजार शाळा-जिल्हे होते. आज तेरा हजारांच्या आसपास उरले आहेत. एकत्रीकरणात काय काय गेलं, हे या गावांनी पाहिलं आहे. त्यांच्यासाठी सनद म्हणजे शाळा गावात ठेवायची शेवटची वाट.

पण सगळीच खेडी तशी नाहीत. केंटकीत नोव्हेंबर 2024 मध्ये एका घटनादुरुस्तीवर मतदान झालं. सरकारी शाळांच्या व्यवस्थेबाहेर (त्यात सनदी शाळाही आल्या) शिकणाऱ्या मुलांसाठी सार्वजनिक पैसा देण्याची मुभा विधिमंडळाला द्यायची का, हा प्रश्न होता. राज्यातल्या 120 च्या 120 काउंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी, नाही म्हटलं. दुरुस्ती आणली होती रिपब्लिकन आमदारांनी, आणि त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याच दिवशी यांतल्या 118 काउंट्यांनी आघाडी दिली होती. लोकांनी पक्ष आणि गावची शाळा वेगळी ओळखली.

हेंडरसनच्या बाजूने बोलणारा मी केंटकीच्या बाजूनेही बोलतो, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे लोक एकच गोष्ट राखत होते. शाळा कुणी चालवावी, यापेक्षा मला माप चुकीचं वाटतं. लहान गावात शाळेचा खर्च डोक्यांवर ठरत नाही. तो अंतरावर ठरतो, छपरावर ठरतो, बसच्या फेऱ्यांवर ठरतो. दूरच्या, विरळ वस्तीच्या शाळांसाठी मिनेसोटातही वेगळा जादा निधी आहे, म्हणजे राज्याला हे समजतं. तो निधी कोपऱ्यात न राहता मध्यभागी यावा, मग शाळा जिल्ह्याची असो की सनदी.

(दृश्य: सह्याद्रीतली एक वाडी. दोन खोल्यांची शाळा, पटांगणात झेंड्याचा खांब.)

2023 मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली. पावणेपंधरा हजारांच्या घरात शाळा, दीड लाखाहून जास्त मुलं. त्यांच्या समूह शाळा, म्हणजे जवळच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचा विचार पुढे आला आणि त्याचे नमुने म्हणून पानशेत, तोरणमाळ ही नावं चर्चेत आली. आपल्याकडे 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. मिनेसोटात वर्षभराच्या सरासरी पटावर पैसा ठरतो, म्हणजे जानेवारीत घर बदललेल्या मुलाचे पैसे जानेवारीपासूनच थांबतात.

(दृश्य: पुन्हा हेंडरसनजवळची पाणथळ जागा. संध्याकाळ.)

1995 च्या त्या दिवशी इथे आलेल्या वर्गाला परत जायची घाई नव्हती. तास संपल्याची घंटा होणार नव्हती. मुलं चिखलात बसून एकेक बेडूक हातात घेऊन पाहत राहिली.